सोसायटीतला बोका अचानक अंगावर का आला?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

प्रश्न : मी सदुसष्ट वर्षांची असून आमच्या सोसायटीच्या आवारात राहणाऱ्या एका पिवळ्या पट्टेरी बोक्याला गेली काही वर्षे रोज संध्याकाळी जिन्याखाली खाऊ घालते. तो कोणाच्या घरात शिरत नाही, कोणाला उचलू देत नाही. पण माझ्या पायांत घोटाळतो आणि डोक्यावरून हात फिरवू देतो. गेल्या मंगळवारी मी ताटली घेऊन खाली गेले तेव्हा तो पहिल्या पायरीवर कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी नेहमीसारखी हाक मारून त्याच्या मागून पुढे झाले, तोच त्याने वळून माझ्या पोटरीचा चावा घेतला, बोचकारले आणि एका मोटारीखाली जाऊन बसला. तिथूनही तो बराच वेळ गुरगुरत होता. दातांच्या दोन खोल खुणा उमटल्या आणि थोडे रक्त आले. वॉचमनने नंतर सांगितले की, त्याआधी थोडाच वेळ शेजारच्या आवारातला काळा बोका भिंतीवर आला होता आणि दोघांची बरीच आरडाओरड झाली होती. आमचा बोका त्याआधीचे दोन-तीन दिवस मागचा एक पाय जपून टाकत होता आणि शेपटीच्या बुडाशी हात लावू देत नव्हता. शेजारणीने माझ्या जखमेवर हळद दाबली. बोका पिसाळला असेल का? माझ्या हातून काही चुकले का? सोसायटीचे पदाधिकारी त्याला पोत्यात घालून लांब सोडून येण्याचे म्हणत आहेत. मी काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. एक आपल्या पायाचा आहे आणि दुसरा बोक्याचा. बोका असा का वागला याचा विचार करायला सवड आहे, पायाच्या बाबतीत मात्र ती मुळीच नाही. म्हणून पत्र हाती पडताच आपल्याला जे कळवले, तेच इथे सर्व वाचकांसाठी आधी लिहितो.

दात कातडीच्या आत गेले आणि रक्त आले, की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार तो तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीतला चावा ठरतो. तो कुत्र्याचा असो वा मांजराचा, त्याने फरक पडत नाही. मांजर सतत आपले पंजे चाटत असल्यामुळे रक्त काढणारे बोचकारेही याच श्रेणीत मोजतात. अशी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. रेबीजचा विषाणू साबणाने निकामी होतो, त्यामुळे हे धुणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये, कारण त्यामुळे जखमेची आग होते, ती नीट धुतली जात नाही आणि उपचार लांबतो. शेजारणीने हळद मायेने दाबली असणार, तरीही ती धुऊन काढून त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात, खेड्यात असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला हवे.

तिथे रेबीजची लस मिळते. ती कातडीत टोचायची असेल तर ० (म्हणजे पहिली मात्रा घेतली तो दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि दंडाच्या स्नायूत टोचायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. तिसऱ्या श्रेणीच्या चाव्यात लसीबरोबरच जखमेच्या आत आणि सभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे, टोचणे आवश्यक असते. लसीमुळे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस लागतात, आणि तेवढ्या काळात विषाणूला जखमेतच अडवण्याचे काम हे इंजेक्शन करते. अनेकांना ते माहीत नसते आणि ते फक्त ‘सुई घेऊन’ घरी येतात, म्हणून डॉक्टरांना त्याविषयी स्वतःहून विचारावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचाही विषय काढावा. चावून चार-पाच दिवस झाले असले तरी ‘आता काय उपयोग’ असे म्हणून घरी बसू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते आणि लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य उपचार झाले तर रोग टळतो. इतका स्वच्छ फरक वैद्यकात फार थोड्या ठिकाणी आढळतो.

मांजराच्या चाव्याचा आणखी एक धोका असा की, त्याचे सुळे इंजेक्शनच्या सुईसारखे बारीक आणि लांब असतात. वरून खूण लहान दिसते, पण तोंडातले जंतू खोलवर पोहोचलेले असतात आणि छिद्र लगेच मिटून जाते. पाश्चुरेला नावाचा जंतू बहुतेक मांजरांच्या तोंडात असतो आणि त्याचा संसर्ग झाल्यास बारा ते चोवीस तासांतच जागा लाल होऊन सुजते व ठणकू लागते. आपल्या वयात, विशेषतः मधुमेह असल्यास, प्रतिजैविकांविषयी डॉक्टरांशी त्याच भेटीत बोलून घ्यावे. चावा बोटाला किंवा मनगटाला असता तर मी अधिक काळजीत पडलो असतो, कारण तिथे सांधे आणि स्नायुबंध अगदी कातडीखाली असतात.

आता बोक्याकडे वळू.

तो पिसाळला असेल का, याचे उत्तर पत्रावरून ‘नाही’ असे कोणीही ठामपणे देऊ शकत नाही, आणि कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्याकडे मांजरांना रेबीज होतो तो मुख्यतः पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून. मांजरांमध्ये या रोगाचे आक्रमक रूपच अधिक दिसते. माणसाळलेले मांजर अंगावर येते, लाजाळू मांजर उलट विलक्षण लगट करू लागते, आवाज बदलतो, लाळ गळते, जबडा लोंबतो, नजर एके ठिकाणी खिळते, मागचे पाय लटपटू लागतात. ही लक्षणे एकदा सुरू झाली की जनावर साधारण आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत मरते. विषाणू लाळेत येतो तोही लक्षणे दिसण्यापूर्वीचे काही दिवस आणि त्यानंतर. चावल्यापासून दहा दिवस जनावरावर लक्ष ठेवायला सांगतात त्याचे कारण हेच. चाव्याच्या दिवशी लाळेत विषाणू असता, तर दहाव्या दिवशी ते जनावर ठणठणीत दिसलेच नसते. मात्र हे लक्ष ठेवायचे ते लस सुरू केल्यानंतर, लसीऐवजी नव्हे. दहा दिवसांनंतर पुढच्या मात्रांचे काय करायचे ते आपले डॉक्टर ठरवतील.

आपल्या पत्रातले तपशील मात्र दुसऱ्याच कारणाकडे बोट दाखवतात. बोका भिंतीकडे तोंड करून बसला होता, थोड्याच वेळापूर्वी तिथे प्रतिस्पर्धी येऊन गेला होता, आणि आपण मागून, त्याला न दिसता जवळ गेलात. अशा वेळी जे घडते त्याला वळलेला राग म्हणता येईल. ज्याच्यावर तुटून पडायचे तो हाती लागत नाही, भिंतीपलीकडे निघून जातो, आणि उसळलेला आवेग मग जवळ येईल त्याच्यावर निघतो. खिडकीतून बाहेरचा बोका पाहिलेले घरातले मांजर आपल्याच जोडीदाराला ओरबाडते, ते याच कारणाने.

हा आवेग म्हणजे नुसती भावना नव्हे, ती संपूर्ण शरीराची अवस्था असते. वॉल्टर हेस या स्विस शरीरक्रियाशास्त्रज्ञाने जाग्या मांजरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला विजेचा सूक्ष्म झटका देऊन दाखवले होते की, तेवढ्याने शांत बसलेल्या मांजराचे केस उभे राहतात, बाहुल्या विस्फारतात, ते फिस्कारते आणि समोरच्यावर झेप घेते. मेंदूच्या या भागावरील कामासाठी त्यांना १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्या प्रयोगांची पद्धत मनाला रुचत नाही, पण त्यांतून कळलेली गोष्ट मोलाची आहे. हल्ल्याची सगळी तयारी मांजराच्या मेंदूत एकसंध बांधलेली असते आणि ती एकदा जागी झाली की समोर कोण आहे, रोज खाऊ घालणारा हात आहे की शत्रू, हे पारखायला फारसा अवकाश उरत नाही. विजेचा प्रवाह थांबताच ती मांजरे निवळत. खऱ्या भांडणानंतर मात्र शरीरातला ताण कित्येक तास, क्वचित एखाद-दुसरा दिवसही उतरत नाही. मोटारीखालून तो बराच वेळ गुरगुरत राहिला, याचा अर्थ हाच.

त्यात दुखण्याची भर पडली असावी. मागचा पाय जपून टाकणे आणि शेपटीच्या बुडाशी हात न लावू देणे, या दोन खुणा वाचून मला पहिल्यांदा गळवाची शंका आली. दोन बोके भांडतात तेव्हा तोंडावर तोंड देऊन लढणाऱ्याला गालावर, डोक्यावर आणि पुढच्या पायांवर चावे बसतात. पळ काढणाऱ्याला शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या पायांवर. मांजराची कातडी वरून झपाट्याने मिटते, आत जंतू कोंडले जातात आणि दोन ते पाच दिवसांत पू धरतो. तपासणीच्या टेबलावर अशा बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत नेला तर कमरेपर्यंत तो शांत असतो. शेपटीच्या अलीकडे चार बोटांवर पोहोचताच पाठीची कातडी थरथरते, कान मागे पडतात आणि दुसऱ्याच क्षणी दात हातात असतात. केस बाजूला केल्यावर मसुराएवढी खपली दिसते आणि तिच्याखाली लिंबाएवढी गरम, मऊ सूज हाताला लागते. आपला बोका त्या काळ्या बोक्याकडून आधीच एकदा मार खाऊन आला असावा असे मला वाटते. दुखत्या अंगाने तो पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिला होता आणि त्याच घटकेला मागून पाऊल वाजले.

आपले काही चुकले का, असे आपण विचारले आहे. रोजच्याप्रमाणे ताटली घेऊन जाण्यात चूक ती काय? तरीही ‘अचानक’ हा शब्द मला मांजरांच्या बाबतीत थोडा बाजूला ठेवावासा वाटतो, कारण माणसाला जे अचानक वाटते त्याची सूचना मांजराने बहुधा आधी दिलेली असते आणि ती शांत असल्यामुळे आपल्या लक्षात येत नाही. कान बाजूला पडून चपटे होतात. उजेड असतानाही बाहुल्या मोठ्या दिसतात. शेपटी जमिनीवर आपटू लागते किंवा तिच्या टोकाला झटके बसतात. अंग आखडते आणि हाकेला कानही वळत नाही. फिस्कारणे आणि पाठीची कमान करणे हे तर फार पुढचे टप्पे आहेत. यांतले काहीही दिसले तर ताटली तिथेच ठेवून मागे सरावे. उगारलेला झाडू, पाण्याचा शिपका, टाळ्या या उपायांनी भेदरलेले मांजर आणखी भेदरते आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावायला शिकते.

मांजर डूख धरते असे आपल्याकडे म्हणतात. ते सूड घेत नाही; पण जिना, आपले येणे आणि त्या संध्याकाळची दहशत या तिन्ही गोष्टींची त्याच्या मनात गाठ बसलेली असू शकते. म्हणून पुढचे काही दिवस खाणे जिन्याखाली न ठेवता थोडे दूर, मोकळ्या जागी, पण ठरल्या वेळीच ठेवावे. समोरून, दिसेल अशा रीतीने जावे, डोळ्याला डोळा भिडवू नये, हात लावू नये आणि तो खायला आला की निघून यावे. पूर्वीसारखा पायांत घोटाळू लागण्याची वाट पाहावी, त्यासाठी ओढाताण करू नये. याच भेटींत त्याचे दहा दिवसांचे निरीक्षणही होईल : खातो का, पाणी पितो का, चाल कशी आहे, लाळ गळते का. वॉचमनलाही हे सांगून ठेवावे. या दहा दिवसांत तो मेला, आजारी दिसला किंवा बेपत्ता झाला तर डॉक्टरांना लगेच कळवावे. मृत्यू झाल्यास उघड्या हातांनी त्याला उचलू नये आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला कळवावे, कारण रेबीजचे खात्रीशीर निदान मेंदूच्या तपासणीवरूनच होते.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच आहे. बोक्याला पोत्यात भरून लांब सोडले तर या बाईंच्या प्रकृतीविषयीचा एकमेव जिवंत पुरावा आपण हातचा घालवाल. पोत्यात भरताना आणखी दोघा-तिघांना चावे बसतील. आणि रिकाम्या झालेल्या आवारात भिंतीवरचा तो काळा बोका येऊन राहील, त्याच्या मागे आणखी कोणी येईल. अनोळखी जागी टाकलेला, जखमी बोका तिथल्या बोक्यांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडी सापडतो. ही सुटका नव्हे, क्रूरता आहे. जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे, आणि जनावराला ठार मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार गुन्हा आहे. कायद्याचा धाक दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. चावलेल्या माणसाची भीती खरी असते आणि तिला उत्तर मिळायला हवे. ते उत्तर उपचार आणि नसबंदी हे आहे.

प्राणिमित्र संस्थांकडे मांजरे पकडण्याचे पिंजरे असतात. आत सुकट किंवा मासळीचा तुकडा ठेवला की बहुतेक बोके एक-दोन रात्रींत आत शिरतात आणि वरून चादर टाकली की शांत होतात. त्या पिंजऱ्यातच त्याला पशुवैद्यकाकडे नेऊन निरीक्षणाखाली ठेवता आले तर सर्वांत उत्तम. गळू असेल तर गुंगी देऊन ते फोडून धुतात आणि प्रतिजैविक देतात. निरीक्षणाचे दहा दिवस निर्वेध गेल्यावर त्याची नसबंदी करून रेबीजची लस द्यावी आणि कानाच्या टोकावर खूण करून त्याच आवारात परत सोडावे. नसबंदीनंतर काही आठवड्यांत बहुतेक बोक्यांचे भटकणे, मुताचे फवारे मारणे आणि मारामाऱ्या बऱ्याच कमी होतात. जमल्यास काळ्या बोक्याचीही करावी, नाहीतर भांडणाचे निम्मे कारण भिंतीवर शिल्लक राहील.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. लंगडणाऱ्या मांजराला दया म्हणून दुधातून पॅरासिटामॉल देणारे लोक मी पाहिले आहेत. मांजराचे यकृत हे औषध पचवू शकत नाही आणि अर्ध्या गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो. माणसांची कोणतीही वेदनाशामक गोळी मांजराला देऊ नये.

प्रश्न : आमच्या परसातल्या लाकडांच्या राशीत एक भाटी व्याली आहे. एरवी ती माणूस दिसला की पळते, पण काल माझा आठ वर्षांचा मुलगा पिल्ले पाहायला वाकला तेव्हा तिने त्याच्या हातावर बोचकारून रक्त काढले. गोव्यात आता रेबीज राहिलेला नाही, लशीची गरज नाही, असे नातेवाईक म्हणतात. ते खरे आहे का? आणि तिला तिथून हलवावे का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : मुलाला आजच्या आज आरोग्य केंद्रात न्यावे. गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाचे मोठे काम २०१४ पासून झाले आणि २०२१ मध्ये राज्य ‘रेबीज-नियंत्रित’ जाहीर झाले, याचा अभिमान वाटायला हवा. पण नियंत्रित म्हणजे नामशेष नव्हे. जनावरे राज्याची हद्द ओळखत नाहीत, आणि लस न टोचलेल्या भटक्या भाटीने काढलेल्या रक्ताबाबत निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

भाटीच्या वागण्यात मात्र आजाराची शंका घेण्यासारखे काही दिसत नाही. एरवी पळणारी मांजरी पिल्लांपाशी पळत नाही, कारण पिल्लांना सोडून तिला पळता येत नाही. पहिले काही आठवडे हा कडवेपणा सर्वांत तीव्र असतो आणि पिल्ले हिंडू-फिरू लागली की तो ओसरतो. तिला हलवू नये. रास कोणी उपसली तर ती स्वतःच पिल्लांना मानेला धरून दुसरीकडे नेईल, कदाचित अधिक अडचणीच्या जागी. मुलांना आणि कुत्र्याला तिकडे जाऊ देऊ नये आणि राशीपासून चार पावलांवर पाणी व खाणे ठेवावे. पिल्ले माणसांना सरावण्याचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान असतो, त्यामुळे त्यांना पुढे कोणाच्या घरी द्यायचे असेल तर ती खाण्यासाठी बाहेर येऊ लागताच रोज थोडा वेळ, भाटी दूर असताना, मोठ्या माणसाने त्यांना हाताळावे. पिल्ले दूध सोडतील तेव्हा भाटीची नसबंदी करून घ्यावी. उशीर केला तर ती पुन्हा गाभण राहते आणि नऊ आठवड्यांनी हाच प्रसंग त्याच राशीत पुन्हा उभा राहतो.

प्रश्न : आमच्या गल्लीतली एक मांजरी स्वतःहून मांडीवर येऊन बसते, घुरघुरते आणि कुरवाळता कुरवाळता एकदम हाताला दात लावते. तिला प्रेम हवे आहे की नको, हेच कळत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : हवे आहे, पण तिला झेपेल तेवढेच. सारखा एकाच जागी हात फिरत राहिला की अनेक मांजरांना तो स्पर्श काही वेळाने नकोसा होतो, आणि रस्त्यावर वाढलेल्या मांजरांत ही सहनशक्ती आणखी कमी असते. कुरवाळणे गाल, हनुवटी आणि कानांच्या मागे ठेवावे. पोट आणि शेपटीचे बूड टाळावे. दोन-चार वेळा हात फिरवून थांबावे आणि तिने स्वतः डोके पुढे केले तरच पुन्हा सुरू करावे. घुरघुरणे थांबले, पाठीची कातडी थरथरली किंवा शेपटीचे टोक हलू लागले तर हात काढून घ्यावा. तिला ढकलू नये, उभे राहावे म्हणजे ती आपसूक उतरेल. पूर्वी असे न करणारी, वयाने मोठी मांजरी अलीकडेच चावू लागली असेल, वजन घटले असेल किंवा खाताना मान वाकडी करून घास टाकत असेल, तर तिचे दात व हिरड्या आणि थायरॉइड तपासून घ्यावे. दात लागून रक्त आले असल्यास वर डोंबिवलीच्या वाचकांना लिहिलेले सर्व काही, साबणाच्या पंधरा मिनिटांपासून, आपल्यालाही लागू आहे.